लेहला निघालात? मग एवढं ध्यानात ठेवा



सुट्ट्या लागल्या की हल्ली आमच्या कवठे येमाईसारख्या गावांतूनही मंडळी लेह-लडाखला निघतात. हौस जरूर करावी, पण महाबळेश्वरची तयारी तिथे पुरत नाही. पुणे ५६० मीटर उंचीवर, आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर आणि लेह सुमारे ३,५०० मीटर! तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशच असतो. त्या प्रमाणात प्रत्येक श्वासाला प्राणवायूही कमी मिळतो.

निघण्यापूर्वी : रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. हृदयविकार, दमा असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकिटं काढू नयेत. डायमॉक्सची गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नये. डॉक्टरांनी दिली तरच घ्यावी. सल्फाची ॲलर्जी असल्यास त्यांना आधीच सांगावे. कानटोपी, पायमोजे, गॉगल आणि व्हॅसलीन विसरू नये. उंचीवर हवाबंद पाकिटं फुगतात, म्हणून चिवडा-लाडू डब्यात भरावेत.

पोचल्यावर : विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती. थोडं थोडं पाणी आणि हलकं जेवण घ्यावं. मद्य व झोपेच्या गोळ्या वर्ज्य. खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे. तिथे पंधरा-वीस मिनिटांहून जास्त रेंगाळू नये.

डोकं दुखणं, मळमळणं, अन्नावरची वासना उडणं ही पहिली सूचना. आपण बायका इथेच गप्प बसतो. सगळ्यांचा विरस नको, म्हणून दुखणं अंगावर काढतो. तसं मुळीच करू नका! त्रास थांबेपर्यंत आणखी उंचावर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, चालताना झोक जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट पाहू नये. लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक रुग्णालय आहे, तिथे लगेच न्यावं. अशा वेळी प्राणवायू देणं आणि रोग्याला खाली उतरवणं हेच खरे उपाय. लहान मुलांना सांगता येत नाही. ती किरकिर करू लागली, जेवेनाशी झाली की सावध व्हावं.

खरेदी : सुके जर्दाळू चाखून, बुरशी पाहून घ्यावेत. कडू बिया मात्र मुलांना देऊ नका. त्या विषारी असतात. पश्मिना शाल अंगठीतून निघाली म्हणजे अस्सल, असं नव्हे; पातळ नकली कापडही निघतं. दुकानदाराच्या परवानगीने एक धागा जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. टणक गोळी झाली तर कृत्रिम धागा. अर्थात साधी लोकरही अशीच जळते, म्हणून पावती घ्यावीच. ‘शाहतूश’ कुणी दाखवली तर हातही लावू नये, तिच्या विक्रीला कायद्याने बंदी आहे. कापडी पिशवी जवळ असू द्यावी. लेहच्या महिलांनीच पुढाकार घेऊन १९९८ साली तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद करवल्या आहेत!

दोन ठिकाणं कमी पाहिलीत तरी चालेल, पण गेलेली सगळी माणसं हसतखेळत घरी परतली पाहिजेत.