शिल्ड नको, गादी द्या

आपल्या मंडळाचा गुणगौरव समारंभ यंदाही थाटात झाला. बारावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलामुलींना व्यासपीठावर बोलावून लाकडी शिल्ड, गुलाबाचे फूल आणि पेढ्यांचा पुडा देण्यात आला. फोटो निघाले. कार्यकारिणीतल्या सर्वांनी टाळ्या वाजवल्या, त्यात मीही होतो. त्या रांगेतला एक मुलगा आमच्याच गल्लीतला. त्याला पुण्याच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचे सूत्रसंचालकांनी मोठ्या अभिमानाने जाहीर केले. त्या दिवशी त्याच्या आईच्या हातात पाटल्या नव्हत्या. हे कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही. मला ते दिवाळीत कळले, तेही त्या माउलीने नव्हे, मुलाने सांगितले म्हणून.

वाचकहो, हे घर काही उपरे नाही. चार पिढ्यांपूर्वी सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आलेले. वाड्यात हिस्सा आहे, देवघरात चांदीची उपकरणी आहेत, आडनाव घेतले की जुनी माणसे मान डोलावतात. पण वाड्याचा हिस्सा भाऊबंदकीत अडकलेला आणि वडील मकरपुरा जीआयडीसीत बावीस हजारांवर कारकून. अशी घरे आपल्यात किती आहेत, हे आपल्याला ठाऊक नसते, कारण ती बोलत नाहीत. अब्रू आडवी येते.

मुलाने वहीत लिहून ठेवलेला हिशेब मी त्याच्या परवानगीने येथे देतो. विद्यापीठाचे वसतिगृह स्वस्त असते हे खरे. पण वसतिगृहाची यादी लागते वर्ग सुरू झाल्यावर. यादी लागेपर्यंत मुलाने राहायचे कोठे? त्याने पेठेत कॉट बेसिसवर जागा घेतली. एका खोलीत चौघे, महिना साडेचार हजार. दोन महिन्यांचे डिपॉझिट नऊ हजार. एजंटाची दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी, म्हणजे आणखी साडेचार हजार. मेसचे आगाऊ बत्तीसशे. एकूण एकवीस हजार दोनशे, आणि तेही पहिल्या दोन दिवसांत. मग गादी चौदाशे, उशी-चादर सातशे, बादली-मग अडीचशे, कपाटाला कुलूप एकशे ऐंशी, एक्स्टेन्शन बोर्ड साडेतीनशे. पाच आठवड्यांनी वसतिगृहाच्या यादीत नाव लागले. आनंदाची गोष्ट! पण वर्षाची फी आणि अनामत मिळून बारा हजार व मेसची अनामत पाच हजार चार दिवसांत भरायची होती, नाहीतर जागा पुढच्याला. कॉटवाल्या मालकाने 'महिन्याची नोटीस दिली नाहीस' म्हणून निम्मे डिपॉझिट कापले आणि उरलेले दोन महिन्यांनी दिले. बेरीज करा : ४१,०८० रुपये. यात प्रवेशफी नाही, पुस्तके नाहीत, बाप-लेकाचे लक्झरीचे भाडेही नाही.

आता गंमत पाहा. वसतिगृहात गेल्यावर त्या मुलाचा महिन्याचा खर्च पाच हजारांच्या आत आला. लोखंडी कॉट, टेबल, खुर्ची, कपाट तेथेच मिळाले. तो विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेत ग्रंथालयात काम करतो आणि घरून येणारे चार हजार त्याला पुरतात. म्हणजे त्या घराला तीन वर्षांचे शिक्षण परवडत होते. परवडले नाहीत ते पहिले पाच आठवडे. पाटल्या गहाण पडल्या त्या शिक्षणापायी नव्हे, तर डिपॉझिट आणि दलालीपायी. आपण मदतीची चर्चा करतो तेव्हा नेहमी फीची करतो. घर मोडते ते मात्र या उंबरठ्यावर.

'सरकारी योजना आहेत ना?' असे काहीजण विचारतील. आहेत, पण आपण त्यांच्या मधल्या फटीत पडतो. गुजरात सरकारची २०१५ पासूनची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना राज्यातल्या राज्यात शिकणाऱ्यांसाठी. महाराष्ट्राचा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता हवा, तर महाराष्ट्राचा अधिवास दाखला पाहिजे, आणि तो साधारणपणे पंधरा वर्षे तेथे सलग राहिल्यावर मिळतो. आपला मुलगा येथे मराठी म्हणून ओळखला जातो आणि पुण्यात परराज्यातला ठरतो. सीमाभागातील ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळी तरतूद केली आहे, आणि ते योग्यच आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मराठी घरांचा विचार मात्र कोणी केलेला नाही. दरवर्षी महाराष्ट्रातून मंत्रीमहोदय येतात, आपण शाल-श्रीफळ देतो आणि ते 'बृहन्महाराष्ट्र' या शब्दावर वीस मिनिटे बोलतात. पुढच्या खेपेस शालीबरोबर अधिवासाच्या अटीबद्दलचे निवेदनही त्यांच्या हाती ठेवावे, अशी माझी स्पष्ट सूचना आहे. तथापि निवेदनाचे उत्तर येईपर्यंत दोन-तीन जून निघून जातील. तोवर आपल्या हातात काय आहे ते पाहू.

त्याआधी एक जुनी गोष्ट. आपल्या गावची आहे म्हणून सांगितलीच पाहिजे. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. याचा अभिमान आपण प्रत्येक जयंतीला मिरवतो. तेथे विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी त्यांच्याबरोबर राहत असे. ती मैत्री आयुष्यभर टिकली. तेच आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा या शहराने त्यांना खोली दिली नाही. एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून रोज दीड रुपयाने राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी तेथूनही बाहेर काढले. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही टाळले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कमाटी बागेत बसून दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परत गेले. महाराजांनी पैसा दिला, नोकरी दिली. गावाला एक खोली देता आली नाही. आज त्या जागी संकल्पभूमी आहे. आपण सकाळी फिरायला तिच्यावरूनच जातो.

ही गोष्ट जुनी झाली असे म्हणून सोडून देऊ नका. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत शिकायला आजही महाराष्ट्रातून मुले-मुली येतात. वसतिगृह मिळेपर्यंत तीही आपल्याच गल्ल्यांतून खोली शोधत हिंडतात. त्यांना आपण काय विचारतो? आधी आडनाव, मग 'खाण्यापिण्याचे काय?' आणि मग 'कळवतो'. पुण्यात आपल्या मुलाला हाच प्रश्न विचारला गेला की आपल्याला राग येतो.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न अनेक परींनी सोडवून पाहिला होता. गरीब मुलगा सात घरी वार लावून जेवायचा. त्यात त्याला मिंधेपण यायचे, आणि ते वार बहुधा जातीतल्या जातीतच लागत, हेही विसरू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहत गेली. १९०८ चे मिस क्लार्क बोर्डिंग अस्पृश्य मुलांसाठी होते. (महाराणी लक्ष्मीबाई या बडोद्याच्या खानविलकरांच्या कन्या, तेव्हा कोल्हापूरशी आपले नाते सोयरिकीचेच.) कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. पैसा जमण्याची वाट यांपैकी कोणी पाहिली नाही. आधी छप्पर दिले, इमारती मागाहून झाल्या. आपल्याकडे इमारत आहे, सभागृह आहे, लग्नसराईचे भाडे येते. छप्पर तेवढे विद्यार्थ्याच्या वाट्याला येत नाही.

तर माझे म्हणणे असे. मंडळाने 'पहिला महिना निधी' उभारावा. वीस घरांनी प्रत्येकी पाच हजार दिले की एक लाख होतात. बाहेरगावी जाणाऱ्या पाच मुलांना जूनमध्ये प्रत्येकी वीस हजार बिनव्याजी द्यायचे आणि महिना दोन हजारांच्या दहा हप्त्यांत परत घ्यायचे. पुढच्या जूनला तेच पैसे पुढच्या पाच जणांना. देणगी म्हटले की आपली घरे नाही म्हणतात. उसने म्हटले तर घेतील. नाव जाहीर करायचे नाही, फोटो काढायचा नाही. खजिनदार आणि एक सभासद, एवढ्यांनाच ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट पैशाचीही नाही. वसतिगृहाच्या अर्जात स्थानिक पालकाचे नाव, पत्ता आणि सही लागते. पूर्वी प्रत्येक घराची एखादी आत्या पुण्यात असायचीच. आता आत्याच मुलाकडे अमेरिकेत असते. आमच्या गल्लीतल्या मुलाने शेवटी ज्याच्याकडे कॉट घेतली त्याच्याच ओळखीच्या माणसाची सही मिळवली, आणि त्याबद्दलही पाचशे रुपये मोजले. बडोद्याहून पुण्या-मुंबईस जाऊन स्थायिक झालेली किमान पन्नास-साठ घरे आपल्या सभासदयादीत आहेत. त्यांपैकी दहाजणांनी सही करायचे आणि पहिले आठ दिवस मुलाला घरी ठेवायचे कबूल केले, तर घाईत कॉट पकडून एजंटाला दलाली देण्याची वेळ येणार नाही. मुलींच्या आई-वडिलांना याचा किती आधार वाटेल, हे सांगणे न लगे. त्याच न्यायाने येथे येणाऱ्या मुलांसाठी आपण सह्या कराव्यात.

डिपॉझिट देताना पावती घ्या आणि नोटिशीची अट लेखी मागा. पेइंग गेस्टवाला जीएसटी लावू लागला तर विचारा : २०२४ च्या जुलैपासून, वास्तव्य सलग ९० दिवसांचे असेल आणि माणशी महिन्याचे भाडे वीस हजारांच्या आत असेल, तर तो लागत नाही. आणि गादी आधी विकत घेऊ नका.

गादीवरून आठवले. आपल्या वाड्यांच्या माड्यांवर किती गाद्या, लोखंडी कॉट, स्टीलचे डबे, पितळी बादल्या पडून आहेत! मुले परदेशी गेली, पाहुणे हॉटेलात उतरतात. पुण्यापर्यंत कॉट धाडणे परवडणार नाही हे मलाही कळते. पण येथे शिकायला येणाऱ्यांना त्या देता येतील, आणि पुण्यातल्या आपल्या घरांनाही तेथे तसेच करता येईल. वर्ष संपले की वस्तू परत, पुढच्याला.

कार्यकारिणीतील काही ज्येष्ठांनी खाजगीत हरकत घेतली आहे. पैसे बुडाले तर? एखादा हप्ता बुडेलही. गेल्या वर्षी समारंभाच्या मांडवावर आणि शिल्डांवर जे गेले, ते तर सगळेच बुडाले म्हणायचे. दुसरी हरकत हळू आवाजात आहे : 'मुलगा आपल्यातलाच असावा ना?' मी मोठ्या आवाजात उत्तर देतो. अर्जात जातीचा रकाना ठेवला, तर माझे पाच हजार धरू नका. मराठी घरातला किंवा मराठी मुलखातून आलेला आणि गरजू, एवढे पुरे. येथे खोली देताना आडनाव विचारणाऱ्या सभासदाला या योजनेत घेऊ नये, हेही ठरावात असावे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे; अनुमोदक पाहिजे. आमच्या माडीवरची रस्त्याकडची खोली जूनपासून ऑगस्टअखेर मोकळी असते, ती वसतिगृहाची वाट पाहणाऱ्या दोन मुलांसाठी लिहून घ्यावी. दोन गाद्या आहेत, कापूस पिंजून घेतला आहे. कॉटचा एक पाय हलतो, तो तेवढा जूनपूर्वी वेल्डिंग करून घेतो.