अंडे फुटण्याची वाट

आजच्या विद्यार्थ्याला कशाचीही वाट पाहता येत नाही, हे वडीलधाऱ्यांचे एक आवडते मत आहे. त्याला चहा सांगितल्याबरोबर हवा, निकाल परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी हवा आणि कादंबरी न वाचताच तिचा सारांश हवा. आरोप अगदीच खोटा नाही. परंतु याच विद्यार्थ्यांपैकी काहीजण ऐन परीक्षेच्या दिवसांत, रात्री एक वाजता, मोबाईलच्या पडद्यावर एका ससाण्याच्या मादीची पाठ पाहत बसतात, ही गोष्टही वडीलधाऱ्यांच्या कानी घातली पाहिजे. नुसती पाठ! ती मादी उडत नाही, शिकार करीत नाही, गात तर नाहीच नाही. वारा आला की पिसे थोडी हलतात, एवढीच काय ती घडामोड. "यात पाहण्यासारखे काय आहे?" असे आमच्या एका प्राध्यापकांनी विचारले. त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

आम्ही पाहत होतो ते घरटे कॅलिफोर्नियात, बर्कली येथील विद्यापीठाच्या आवारात होते. तेथे ३०७ फूट उंचीचा घंटेचा मनोरा आहे. बहिरी ससाण्याच्या एका जोडीने २०१७ सालापासून या मनोऱ्यावर पिल्ले वाढवली आणि २०१९ साली तेथे कॅमेरे बसले. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. त्यामुळे वसतिगृहातील मंडळींची सोय आपोआप झाली. मादीचे नाव ॲनी आणि नराचे ग्रिनेल. ही नावे लाडाने ठेवलेली नाहीत. ॲनी अलेक्झांडर या विदुषीच्या पुढाकाराने आणि पैशाने १९०८ साली त्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचे संग्रहालय उभे राहिले आणि जोसेफ ग्रिनेल हे त्याचे पहिले संचालक. आपल्या संस्थेची मोठी माणसे अशी पाखरांच्या रूपाने पुन्हा जिन्यावरून वर जावीत, ही कल्पना मला तैलचित्रांपेक्षा बरी वाटते.

बहिरी ससाणा घरटे म्हणून काही बांधत नाही. कड्याच्या कपारीत किंवा उंच इमारतीच्या सज्जावर खडीत छातीने आणि पायाने एक उथळ खळगा केला की झाले. त्यात दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन-चार तांबूस अंडी येतात. पहिले अंडे आल्याबरोबर मादी त्यावर नीट बसत नाही, तेव्हा नवखा प्रेक्षक घाबरतो. पण त्यात शहाणपण आहे. शेवटचे किंवा त्याच्या आधीचे अंडे येईपर्यंत खरी ऊब द्यायचीच नाही, म्हणजे पिल्ले जवळजवळ बरोबरच बाहेर पडतात. मग सुमारे ३३ दिवसांची बैठक. मधूनमधून नर येतो, मादी उठते, तो बसतो. तो तिच्याहून बराच लहान असल्यामुळे सगळी अंडी पोटाखाली घेताना त्याची तारांबळ उडते. ज्या नखांनी आकाशात कबुतर मारायचे, ती नखे अंड्यांजवळ येताना दोघेही आत मुडपून घेतात आणि मुठीवर चालावे तसे चालतात. एवढी एकच गोष्ट पाहण्यासाठी मी चार रात्री जागलो आणि त्या वाया गेल्या असे मला मुळीच वाटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मराठीत अंडे 'फुटते' हा शब्द आपण दोन्ही अर्थांनी वापरतो. पिल्लाने आतून फोडले तरी फुटले आणि बाहेरच्या भाराने चिरडले तरी फुटले. ससाण्याच्या बाबतीत या दोन अर्थांमध्ये पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी जगभर सुरू झाली. त्या औषधाचा कीटकांवरील परिणाम शोधणारे पॉल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. ते विष किड्यांतून लहान पाखरांत, पाखरांतून ससाण्यात साठत गेले. ससाणा त्याने लगेच मरत नव्हता. मादीच्या शरीरात अंड्याच्या कवचाला पुरेसे कॅल्शियम मिळेनासे झाले आणि कवच पातळ झाले. आई अंड्यांवर बसे आणि ती तिच्याच वजनाने फुटत. इंग्लंडमधील डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या हौशी संग्राहकांनी जमवलेली अंडी आणि नवी अंडी ताडून पाहिली आणि कवच केव्हापासून पातळ झाले ते १९६७ साली दाखवून दिले. (संग्रहालयातल्या धूळ खात पडलेल्या वस्तूंना हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.) साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या मिसिसिपी नदीपूर्वेच्या भागात बहिरी ससाण्याची वीण पार थांबली होती. १९७० साली साऱ्या कॅलिफोर्नियात विणीच्या फक्त दोन जोड्या ठाऊक होत्या.

१९७२ साली अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, पण जमिनीतले आणि शरीरातले विष कायद्याने जात नाही. मग माणसे दोर लावून कड्यांवर चढली. पातळ कवचाची अंडी उचलून त्या जागी बनावट अंडी ठेवली, खरी अंडी प्रयोगशाळेत जपून उबवली आणि पिल्ले नेऊन पुन्हा आईच्या पुढ्यात ठेवली. कॉर्नेल विद्यापीठात टॉम केड यांनी बंदिवासात ससाण्यांची पैदास करून पिल्ले रानात सोडली. १९९९ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून बहिरी ससाण्याचे नाव निघाले. बर्कलीच्या मनोऱ्यावर २०१९ साली वाढलेल्या दोन पिल्लांची नावे होती कार्सन आणि केड. पहिले नाव रेचेल कार्सन यांचे, ज्यांनी १९६२ साली या विषाबद्दल जगाला जागे केले.

म्हणून मी म्हणतो, ॲनीची पाठ पाहत बसणे हा रिकामटेकडेपणा नव्हे. अंड्यावर पहिली बारीक भेग दिसते, आतून चिवचिव ऐकू येते, चोचीच्या टोकावरच्या इवल्या कठीण टोकाने पिल्लू कवच ठोकू लागते. पुढे एक-दोन दिवस ते बाहेर पडत नाही आणि आपल्याला काहीही करता येत नाही. ही भेग आतून पडली आहे, बाहेरून नव्हे, हे ज्याला कळते त्याला तो पडदा निराळा दिसतो.

मात्र या प्रेक्षकवर्गाची एक खोड मला पटत नाही. ३१ मार्च २०२२ रोजी ग्रिनेल बर्कलीच्या रस्त्यावर मेलेला सापडला. बहुधा वाहनाची धडक. मनोऱ्यावर अंडी होती, आणि एकट्या मादीने उबवायचे केव्हा व पोट भरायचे केव्हा? त्याच दिवशी काही तासांत एक नवा नर आला आणि अंड्यांवर बसू लागला. त्याचे नाव ॲल्डन ठेवले गेले. मे महिन्यात दोन पिल्ले बाहेर आली. ही घटना थक्क करणारी आहे, शंका नाही. पण लगेच त्याला 'त्यागमूर्ती सावत्र बाप' ठरवून जो अश्रुपात झाला, तो तमाशातल्या वगालाही लाजवील. त्या नराला मोक्याची जागा आणि अनुभवी मादी मिळाली, हा हिशेब कोणी मांडला नाही. हेच रसिक पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ४२ मजली इमारतीवरील होप या मादीने २०१६ साली आपलेच पिल्लू मारून खाल्ले तेव्हा खवळले. पाखराला देव करणाऱ्याला त्याची राक्षसीण करायला किती वेळ लागणार? आपल्या नीतीच्या पाट्या त्यांच्या गळ्यात न अडकवता नुसते पाहता आले पाहिजे. ते अवघड आहे आणि वर्गात शिकवले जात नाही.

"आपल्याकडे पाखरे नाहीत का?" हा प्राध्यापकांचा दुसरा प्रश्न. आहेत. सह्याद्रीच्या कड्यांवर याच ससाण्याचा भाऊबंद शाहीन पिल्ले वाढवतो. पण माझे उत्तर शाहीनाचे नाही, गिधाडाचे आहे. ससाण्यासाठी टॉम केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली जी संस्था काढली, तिच्याच मोहिमेतील शास्त्रज्ञांनी पाकिस्तानात गिधाडे का मरतात ते शोधून २००४ साली प्रसिद्ध केले. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचल्यानंतर मेलेल्या ढोराचे मांस गिधाडाचे मूत्रपिंड निकामी करते. तोपर्यंत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्व्याण्णव संपत आली होती. आपल्याकडे जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली, आणि केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्यावर २०२३ साली.

ससाण्याची मादी वर्षाला तीन-चार अंडी घालते. गिधाडाची मादी एकच. तिथे एक अंडे गेले की वर्ष गेले. आपल्या महाविद्यालयातील निम्मी मुले शेतकऱ्यांच्या घरची आहेत. सुट्टीत घरी गेल्यावर गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेली इंजेक्शनची रिकामी बाटली त्यांनी एकदा हातात घ्यावी आणि तिच्यावरचे बारीक अक्षरातले नाव वाचावे. बंदी असलेले नाव निघाले, तर आणणाऱ्याला विचारावे की हे कुठून मिळाले, आणि गुरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्झिकॅम मागावे. ते गिधाडाला मारीत नाही आणि बैलाचे दुखणेही थांबवते.