लस घेतली, तरी खोकला?

डांग्या खोकला म्हणजे आजीच्या काळातला आजार, असं वाटतं ना? २०१० मध्ये कॅलिफोर्नियात त्याचे ९ हजारांवर रुग्ण सापडले, १० तान्ही बाळं दगावली. आजारी मुलांत लस घेतलेलीही बरीच होती. मग लसीचा उपयोग काय?

जरा गणित करू. समजा, १०० मुलांपैकी ९५ जणांनी लस घेतलीय. त्यातले ५ आजारी पडले आणि न घेतलेल्या पाचांपैकी ३. आजाऱ्यांत लसवाले जास्त दिसतात. पण धोका त्यांना जेमतेम ५ टक्के, बाकीच्यांना ६०!

खरी अडचण वेगळीच आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेने जुनी लस सोडून कमी ताप आणणारी नवी लस घेतली. तिचं संरक्षण काही वर्षांतच ओसरतं. आपल्या सरकारी दवाखान्यांत आजही जुनीच, ताप आणणारी पण जास्त टिकणारी लस मिळते. अर्थात, तीही जन्मभर पुरत नाही.

म्हणजे कॉलेजच्या वयात आपण पुन्हा कच्चे. आपल्याला नुसता रेंगाळणारा खोकला. पण सहा आठवड्यांआधी लसच न मिळणाऱ्या भाच्याच्या तो जिवावर बेतू शकतो. दोन आठवडे खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना गाठा. आणि तोवर बारशाला जाणं टाळा!