शक्तिपीठाच्या नकाशात आमचं वावर कुठे आहे?



नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या वादाला दोनच बाजू आहेत, असं भासवलं जातं. सरकार म्हणतं, मागास जिल्ह्यांचा विकास होणार. जमीनधारक शेतकरी म्हणतात, आमची जमीन देणार नाही. दोन्ही बाजूंच्या हिशोबात एक माणूस नाही: ज्याच्या नावावर सातबारा नाही तो. आम्हाला त्याच्याबद्दल बोलायचं आहे, कारण यवतमाळ जिल्ह्यात तो बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो, नाहीतर शेजारच्या कोलामपोडातला.

आधी मागासपणाचं पाहू. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजला तेव्हा जिल्हा हे एकक धरलं. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. या सगळ्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत तुलना झाली. गावातल्या दोन वस्त्यांमध्ये कुणी केली नाही. धरण झालं की जिल्ह्याचा अनुशेष कमी होतो, पण पाटाचं पाणी ज्याला वावर आहे त्याच्याकडेच जातं. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर दहा माणसांमागे तीन अनुसूचित जाती-जमातींची आहेत. त्यांचा अनुशेष कोणत्या समितीने काढला?

आता रस्ता. मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नुसत्या भूसंपादन आणि नियोजनासाठी २०,७८७ कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली. त्याच यवतमाळचा वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला आणि त्यातला वर्धा–कळंब एवढा पहिला तुकडा सुरू व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. रेल्वेच्या जनरल डब्यात कापूस वेचणारी बाई बसू शकते. समृद्धी महामार्गावर तर मोटारसायकललाही बंदी आहे. पुण्याला कामासाठी जाणाऱ्या आपल्या पोरांना यातलं काय आधी हवं होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

विचारण्याची एक सोय कायद्यात होती. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक आहे. त्या कायद्याने ‘बाधित कुटुंब’ म्हणताना शेतमजूर आणि कुळंही धरली, म्हणजे जमीन गेल्याने ज्याची मजुरी जाते त्याचीही मोजणी आधी झाली असती. २०१८ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून चार राज्य कायद्यांखालच्या संपादनाला या अभ्यासातून सूट दिली. त्यात १९५५ चा महामार्ग कायदा आहे, आणि शक्तिपीठाचं संपादन त्याच कायद्याखाली चाललंय. मोबदला किती पट, यावर सभा होतात. या सुटीवर किती सभा झाल्या?

खरा घाव मात्र ई-क्लासवर बसतो. खाजगी जमीन संपादित करावी लागते: नोटीस, हरकत, मोजणी, पैसा. सरकारी जमीन नुसती एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे वर्ग होते. तिथे चाळीस वर्षं ज्वारी-कापूस पिकवणारं कुटुंब कागदावर ‘अतिक्रमक’ असतं आणि अतिक्रमकाला नोटीस मिळाली तर ती हटवण्याची. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये लाखो भूमिहीन तुरुंगात गेले ते याच जमिनीसाठी. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, अंमलबजावणी मात्र तलाठ्याच्या मर्जीची. २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने जमीन दिलेली असेल तर अपवाद ठेवला आहे. अधिकारी निकालाचं पहिलं अर्धं तोंडपाठ म्हणतात. दुसरं अर्धं आपल्यालाच वाचून दाखवावं लागतं.

कोणी म्हणेल, तुम्ही विकासविरोधी. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला दिशा दिली. पाणी आणि वीज राज्याने नियोजनाने उभी करावी हा त्यांचा आग्रह होता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेद न पाळता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी, अशी मांडणी आहे. आमचं म्हणणं त्याच रांगेतलं आहे. रस्ता करायचा तर आधी त्या पट्ट्यातलं प्रत्येक ई-क्लास वावर कोण कसतो ते मोजा, नियमित करा, मग रेघ ओढा.

शेतकरी आंदोलनाशी आमचं वैर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोल्हापूरपुरती अधिसूचना मागे घ्यायला लावली ती त्यांच्या संघटनेनेच. पण मोर्चाच्या मागण्यांत मजुराची ओळ नसेल तर आपण तिथे फक्त गर्दी वाढवायला जातो. ती ओळ आधी लिहून घ्यावी, मग निळे झेंडे घेऊन जावं.

आणि थोडं स्वतःकडेही. जयंतीच्या डीजेची वर्गणी आठ दिवसांत जमते. गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, आपल्यातल्या किती जणांनी उघडून पाहिली? त्या नोंदवहीची नक्कल मागता येते. दंडाच्या जुन्या पावत्या म्हाताऱ्यांच्या पेट्यांमध्ये आहेत, काहींना वाळवी लागली आहे. पुढच्या पौर्णिमेला वंदना झाली की विहारातच सतरंजीवर त्या पावत्या मांडा, गट नंबर लिहून काढा आणि ज्यांच्याकडे १४ एप्रिल १९९० च्या आधीचा एकही कागद आहे त्यांचे अर्ज त्याच आठवड्यात तहसीलला देऊन पोच घ्या.