खांदा आखडलाय? मग रात्र सोसत बसू नका

खांदा आखडलेल्या माणसाकडे दिवसा पाहिलं तर फारसं काही जाणवत नाही. हात अंगाशी धरून तो चालतो, बोलतो, कामं उरकतो. सूज दिसत नाही, जखम दिसत नाही, एक्स-रेही बहुतेक वेळा चांगलाच येतो. घरच्यांना वाटतं, एवढं काय झालंय? खरं दुखणं रात्री सगळे निजल्यावर सुरू होतं. कूस बदलताना दंडातून अशी कळ जाते की झोप पार उडते. मग उठून बसायचं, खांदा दाबत राहायचं आणि उजाडायची वाट बघायची. बरीच माणसं, त्यातही घरातल्या बायका, असे कित्येक महिने काढतात आणि कुणाला सांगतही नाहीत. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना कळकळीने एवढंच सांगायचं आहे: खांदा मोकळा व्हायला वेळ लागेल, पण झोपेने तोवर थांबायचं कारण नाही. झोपेची सोय आज रात्रीपासून करता येते.

आधी खांद्यात काय होतं ते थोडक्यात. सांध्याभोवती एक पातळ, सैल आवरण असतं. हात वर नेता यावा म्हणून काखेच्या बाजूला त्याला मोकळ्या चुण्या असतात. या दुखण्यात आवरणाचा दाह होतो, मग ते जाड होतं आणि आकसतं. या दुखण्याचं ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव अर्नेस्ट कॉडमन या अमेरिकी शल्यविशारदाने १९३४ साली रूढ केलं. सगळ्यात आधी जाते ती हात बाहेर वळवण्याची हालचाल, म्हणजे कोपर कमरेशी ठेवून पंजा बाजूला नेणं. मग वेणी घालणं, पाठीमागचा हूक लावणं, मागच्या खिशातून पाकीट काढणं अवघड होतं. दुसऱ्या कुणी हात उचलून पाहिला तरी तो तिथेच अडतो, ही याची मोठी खूण.

बहुतेकांना हे चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतं, पुरुषांपेक्षा बायकांना थोडं जास्त. मधुमेह असलेल्यांना याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक. थायरॉइडचा विकार असलेल्यांनाही होतं. हात प्लास्टरमध्ये राहिला, स्तनाची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झाली, अर्धांगवायूनंतर हात हलला नाही, तर त्यानंतरही खांदा धरतो. पहिले काही महिने दुखण्याचे, पुढचे काही ताठरपणाचे आणि मग हळूहळू सुटण्याचे, असा याचा साधारण एक ते तीन वर्षांचा प्रवास असतो. ही वर्षं ऐकून धीर सोडू नका. रात्रीचा छळ मुख्यतः पहिल्या टप्प्यातला. हात अजून वर जात नसतानाही पुढे झोप परत येते. म्हणजे सांभाळायचे आहेत ते हे सुरुवातीचे महिने.

रात्रीच जास्त का दुखतं? उभं असताना हाताच्या वजनाने सांध्याला खाली हलकी ओढ मिळत असते, आडवं झाल्यावर ती जाते. उताणं झोपलं की कोपर गादीवर टेकतं आणि पाठीच्या रेषेच्याही खाली जातं, त्यामुळे आवरणाचा आकसलेला पुढचा भाग ताणला जातो. दुखऱ्या कुशीवर गेलं तर अंगाचा भार थेट सांध्यावर. चांगल्या कुशीवर झोपलं तर वरचा दुखरा हात छातीवरून पुढे घरंगळतो आणि मागून ताण येतो. शिवाय दिवसभर कामात गुंतलेलं मन रात्री मोकळं असतं, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी तेच दुखणं आणखी तीव्र जाणवतं. हे कळलं की उपायाची दिशाही कळते. हात झोपेत लोंबकळता कामा नये, त्याला सगळीकडून टेकू हवा.

उताणं झोपणाऱ्यांनी खांद्यापासून कोपरापर्यंत दंडाखाली घडी केलेली चादर किंवा पातळ उशी ठेवावी. घडी किती जाड? पडल्या पडल्या, मान न उचलता, नजर खाली वळवली की आपलं कोपर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर हात मागे पडला आहे, आणखी एक घडी घाला. पंजा पोटावर ठेवा आणि त्याच्याखालीही छोटी उशी घ्या, म्हणजे हात बाहेर लवंडणार नाही.

कुशीवरच झोप लागते अशांनी चांगल्या कुशीवर वळावं, छातीशी एक जाड उशी कवेत घ्यावी आणि दुखरा हात कोपरापासून मनगटापर्यंत तिच्यावर टेकवावा. उशी पातळ असेल तर हात खाली घसरतो, म्हणून ती चांगली भरीव हवी. डोक्याखालची उशी मान आणि गादी यांमधली पोकळी भरून काढेल एवढी उंच असू द्या. झोपेत दुखऱ्या बाजूला वळायची सवय असेल तर पाठीशी लोड किंवा गुंडाळलेली गोधडी लावून ठेवा. पालथं झोपणं आणि हात डोक्याखाली घेणं हे काही महिने बंद.

काही रात्री आडवं होणंच सोसवत नाही. तेव्हा हट्टाने आडवं राहू नका. पाठीशी तीन-चार उशा रचून रेलून बसा, किंवा घरात आरामखुर्ची असेल तर तिच्यात झोपा, फक्त कोपराखाली उशी विसरू नका. असं झोपायची अनेकांना लाज वाटते, आपण फारच कौतुक करून घेतोय असं वाटतं. तसं काही नाही. खुर्चीत लागलेली चार तासांची सलग झोप ही पलंगावर तळमळत काढलेल्या आठ तासांपेक्षा शरीराला कितीतरी अधिक देते.

आपल्याकडे पुष्कळ घरांत जमिनीवर अंथरूण घालतात. कठीण जमीन खांद्याला रुतते, आणि उठताना हातावर जोर द्यावा लागतो. काही महिन्यांपुरती खाट किंवा दिवाण मिळाला तर घ्या. नाहीच शक्य झालं तर खाली दोन गाद्या घाला आणि उठताना आधी चांगल्या कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या आणि चांगल्या हाताने रेटा देऊन बसते व्हा. शेजारी मूल झोपत असेल तर दुखरी बाजू त्याच्याकडे नको, रात्री एखादी लाथ बसली तर सगळं मुसळ केरात. पाण्याचा तांब्या, मोबाइल, दिव्याचं बटण हे चांगल्या हाताच्या बाजूला असावं. पांघरूण हलकं घ्या, जड रजई ओढतानाही कळ येते. झोपताना पुढून उघडणारा सैल गाऊन किंवा शर्ट घाला. घालताना आधी दुखऱ्या हाताची बाही, काढताना तीच शेवटी.

झोपण्याआधी पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं तर स्नायू सैल पडतात. पिशवीला टॉवेल गुंडाळा आणि ती अंथरुणात घेऊन झोपू नका. मधुमेहामुळे त्वचेला बधिरपणा आला असेल तर चटका बसला तरी कळत नाही, तेव्हा आधी घरातल्या कुणाला तरी पिशवीला हात लावून बघू द्या. काहींना शेकण्यापेक्षा थंड बरं वाटतं, त्यांनी फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावावा.

गोळ्यांबद्दल मात्र जपून. दुखण्याची गोळी रात्री कधी घेतली तर तिचा असर झोपेच्या वेळी मिळेल, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. पुष्कळ जण ती सकाळी नाश्त्यानंतर घेऊन मोकळे होतात आणि गरज असते त्या वेळी तिचा जोर संपलेला असतो. पण मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ नका. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास, आम्लपित्त असलेल्यांना, रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांना त्या बाधू शकतात. शेजारणीला लागू पडली म्हणून तिची झोपेची गोळी घेणं तर अजिबात नको.

स्टेरॉइड हा शब्द ऐकला की माणसं घाबरतात आणि डॉक्टरांनी सुचवलेलं इंजेक्शन नाकारतात. नाकारण्याआधी नीट चर्चा करा. सांध्यात दिलेलं हे इंजेक्शन दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात अनेकांना काही आठवड्यांचा, कधी काही महिन्यांचा आराम देतं, आणि तेवढ्यात झोपही परत मिळते, व्यायामही जमू लागतो. मधुमेह असणाऱ्यांची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, म्हणून ते डॉक्टरांना आधीच सांगून साखर मोजत राहायला हवं. आणि ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणालं तर घाई करू नका. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. भूल देऊन खांदा मोकळा करणं, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणं आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी, या तिन्हींची त्यात तुलना होती. वर्षभरानंतर यांपैकी कोणताच उपाय इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही.

व्यायाम हवाच, पण दुखण्याच्या दिवसांत तो सौम्य हवा. कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जाणारा झोक्याचा व्यायाम घ्या: चांगला हात टेबलावर टेकून पुढे वाकायचं आणि दुखरा हात सैल सोडून हलकेच झुलवायचा. बाकीचे प्रकार फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. किती करायचं हे रात्रच सांगते. व्यायामानंतरची ठणक थोड्या वेळात ओसरली तर ठीक, पण त्या दिवसापासून झोप आणखी बिघडली तर व्यायाम जास्त होतो आहे. अंथरुणावर पडण्याच्या अगदी आधी जोराचे ताण देऊ नका.

इथे एक विनंती हात जोडून करतो. झटका देऊन खांदा सोडवतो म्हणणाऱ्याच्या हाती आपला हात देऊ नका. आकसलेलं आवरण असं फाडल्याने दाह वाढतो, आणि हाडं ठिसूळ असतील तर दंडाचं हाड मोडू शकतं. त्याच्या उलट, दुखतो म्हणून हात दिवसभर गळ्यात अडकवून ठेवणंही नको, त्याने तो आणखी आखडतो.

रात्र वाईट गेली तरी सकाळी उठायची वेळ शक्यतो तीच ठेवा. दुपारी अर्ध्या तासाची डुलकी चालेल, संध्याकाळनंतर चहा नको. रिक्षा, ट्रक, एसटी चालवणाऱ्यांनी किंवा यंत्रावर काम करणाऱ्यांनी झोप झाली नसेल तर ते वरिष्ठांना किंवा मालकाला सांगावं. दुखऱ्या खांद्यापेक्षा पेंगुळलेले डोळे जास्त घातक.

प्रत्येक खांदेदुखी ही फ्रोझन शोल्डर नसते. डावा खांदा अचानक दुखू लागला, हात हलवल्याने त्यात फरक पडत नाही, बरोबर घाम, धाप, छातीत दडपण आहे, तर तो हृदयाचा झटका असू शकतो. अंगाला काय लावू असा विचार न करता १०८ ला फोन करा. ताप आणि लालसर गरम सूज, पडल्यानंतर हात अजिबात न उचलता येणं, पंजातली ताकद जाणं, वजन घटत जाणं आणि जराही न थांबणारी वेदना, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दाखवा.

आता घरच्यांसाठी. आई सकाळी चिडचिड करते, वडील दिवसभर गप्प असतात, त्यामागे आठवडेच्या आठवडे न झालेली झोप असेल. रात्री कण्हण्याचा आवाज आला तर उठून उशी नीट लावून द्या. कपडे वाळत घालायची दोरी खाली बांधा, वरच्या फळीवरचे डबे ओट्यावर आणा, पाण्याची कळशी दुसऱ्या कुणी उचला, कणीक मळायचं काम काही महिने दुसऱ्या कुणाकडे जाऊ द्या. दिवसभर खांदा ओढला गेला नाही तर रात्रीही तो कमी ठणकतो. लोकांपुढे ‘हिला काय झालंय, हात तर हलतोय’ असं म्हणू नका.

आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा फक्त ‘खांदा दुखतो’ एवढं सांगून परत येऊ नका. रात्री किती वेळा जाग येते, सलग किती तास झोप लागते, कोणत्या कुशीवर होता तेव्हा कळ आली, गोळी किती वाजता घेतली, हे आठवडाभर कॅलेंडरवर लिहून तो कागद बरोबर न्या. साखर आणि थायरॉइड तपासलेलं नसेल तर तपासायचं का, हे विचारा. आपल्याला मधुमेह आहे हे खांदा धरल्यावरच कळलेली माणसं थोडी नाहीत.