चाचणीनंतरचे काम

सिकलसेल हा गोंदिया जिल्ह्याला परिचित आजार. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. उद्दिष्ट २०४७ चे. तपासणीचे आकडे वर पाठविले की कार्यक्रम व्यवस्थापकाचे कर्तव्य संपत नाही. ते तेथून सुरू होते. माता-पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून नागझिऱ्याच्या अरण्यालगतच्या चोरखमाऱ्यासारख्या गावात वाहकाचे कार्ड विवाह ठरण्यापूर्वीच, कोणाला कमीपणा न आणता, समजावून द्यावे लागते. रुग्णाच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांत खंड पडून चालत नाही. हे आशाताईंच्या विश्वासावर चालते, आणि विश्वास जमण्यास वर्षे लागतात. व्यवस्थापक मात्र बहुधा कंत्राटी! २०४७ पर्यंतचे व्रत अल्पमुदतीच्या करारावर सोपविणे हा कसला हिशेब? या पदाला आधी स्थैर्य द्यावे. आकडे नंतर मागावेत.