कंपन्या चार, वाट एकच

बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालसारख्या बाजाराच्या गावात मोबाईलच्या कुठल्याही दुकानात चारही कंपन्यांचे रिचार्ज मिळते. कागदावर ही स्पर्धाच. पण रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात फायबरला लागला की दोन-तीन कंपन्यांचे नेट एकदमच बसते, हा अनुभव केबल-नेटच्या आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाचा आहे. टॉवर वेगळे, सिम वेगळे, पण खाली खंदक एकच. पुष्कळदा केबलही एकच, त्यातले कोअर फक्त भाड्याने वाटून घेतलेले.

देशातल्या दूरसंचार बाजाराची चर्चा गेली काही वर्षे कंपन्यांच्या संख्येभोवतीच फिरते आहे. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आली, २०१८मध्ये व्होडाफोन-आयडिया एकत्र झाल्या, २४ ऑक्टोबर २०१९च्या एजीआर निकालाने थकबाकीचा डोंगर उभा केला आणि २०२५मध्ये व्होडाफोन-आयडियातला सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या जवळ गेला. जुलै २०२४मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा लाखो ग्राहक बीएसएनएलकडे वळले. बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचे लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ला झाले. या सगळ्याचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. पण संग्रामपूर तालुक्यातल्या ग्राहकाला चौथी कंपनी जेवढी हवी, त्याहून जास्त दुसरी वाट हवी आहे.

नकाशा समोर ठेवा. मुंबई-हावडा लोहमार्ग नांदुरा, शेगाववरून जातो आणि रुळांच्या कडेने रेलटेलचे फायबर आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे तालुके मात्र पूर्णा नदी आणि सातपुडा यांच्या मधल्या पट्ट्यात, रेल्वेपासून दूर. रेल्वेकडून तिकडे जाणाऱ्या केबलला पूर्णा ओलांडावीच लागते. वर ही काळी भारी जमीन: उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि कमी खोलीवर टाकलेली डक्ट दरवर्षी ताण खाते. २२ जुलै २०२३ला याच दोन तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस होऊन गावेच्या गावे पाण्यात गेली. अशा दिवशी फोन लागणे ही सोय राहत नाही. बचाव पथकाला पत्ता कळतो तो फोनवरूनच.

एरवीच्या दिवसांतही नेट गेल्याची झळ थोडी नाही. ई-पीक पाहणी मोबाईलवर, लाडक्या बहिणीची ई-केवायसी ओटीपीवर, आणि २०२५च्या हंगामापासून सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी. सेतू केंद्रात बाई आधार क्रमांक सांगते, ओटीपी येतो तो मुदत संपल्यावर, मग पुन्हा पहिल्यापासून. दुपारपर्यंत रांग तशीच, आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडालेली.

ट्रायचे सेवा-गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झाले. ते जुन्यापेक्षा कडक आहेत, हे खरे. पण सेवेतल्या मोठ्या खंडाबद्दल ग्राहकाला भरपाई देताना माप धरले आहे ते जिल्ह्याचे आणि चोवीस तासांहून अधिक काळाचे. बुलढाण्यात तेरा तालुके. त्यातले उत्तरेचे दोन दिवसभर बंद राहिले तरी बाकीच्या अकरांच्या हिशेबात ते झाकले जातात. हे माप तालुक्यावर आणावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

मात्र नियम बदलेपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. शेगाव-वरवट बकाल-जळगाव जामोद-नांदुरा असे कडे जोडले, तर पूर्णा दोन वेगळ्या पुलांवरून ओलांडली जाते आणि एक बाजू तुटली तरी दुसरीकडून डेटा वाहतो. सुधारित भारतनेटनेही आता सरळ रेषा सोडून रिंग स्वीकारली आहे, दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही ठेवली आहे. पण सरकारी रिंग येईल तेव्हा येईल. शेगावकडचा आणि नांदुऱ्याकडचा केबल ऑपरेटर आपापले दोन-दोन कोअर एकमेकांना देऊ शकतात; यात रोख पैसा जवळपास लागत नाही, लागतो तो परवान्याच्या अटी पाहून केलेला लेखी करार. ग्राहक पळवण्याच्या भीतीने हे करार अडतात, हे आम्ही जाणतो. तरी लाइन बंद पडल्यावर ग्राहक दोघांनाही सोडतो, याचा विचार व्हावा.

आणखी एक गोष्ट आपल्या हातातली आहे. पुलाच्या कठड्याला तारेने बांधलेले जॉइंट क्लोजर, खांबावर उघडी लोंबणारी केबल, घाईत मारलेला जॉइंट. प्रत्येक जॉइंट ०.१ डीबीच्या आत बसवून त्याचा ओटीडीआर ट्रेस जपून ठेवला, तर पुढचा कट कुठल्या किलोमीटरवर आहे हे शोधायला अर्धी रात्र जात नाही. मार्च २०२३पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आहे. खोदणाऱ्याने आधी कळवायचे, केबलच्या मालकाने जागा दाखवायची. आपली केबल तिथे नोंदलेलीच नसेल, तर जेसीबीवाल्याला काय म्हणून बोल लावायचा?

पूर्णेच्या उत्तरेकडे ज्यांच्या लाइन आहेत त्यांनी पावसाळ्याआधी आपापले मार्ग नकाशावर उतरवावेत आणि शेगाव किंवा नांदुऱ्यात एकत्र बसून पहिल्या अदलाबदलीचे कोअर ठरवावेत.